पावत्या पुसल्या जाण्याआधी

२०२१ च्या मे महिन्यात औषधाच्या दुकानातून आणलेली पावती घरात कुठे ठेवली असेल तर ती आज काढून बघा. बऱ्याच घरांत ती जवळजवळ कोरी झालेली असेल. वर दुकानाच्या नावाची पिवळट सावली उरते. औषधांची नावे, बॅच क्रमांक, तारीख, वेळ काहीच लागत नाही. त्या कागदावर शाई कधी नव्हतीच. थर्मल कागदावर रंगद्रव्य आणि आम्लधर्मी रसायन यांचा पातळ थर असतो, प्रिंटरचे तापलेले टोक जिथे टेकते तिथे दोन्ही एकत्र येऊन काळे होतात. उजेड, दमट हवा, हाताचे तेल, प्लॅस्टिकच्या पाकिटातून झिरपणारी रसायने यांनी ही क्रिया उलट फिरते आणि अक्षर विरून जाते. गोव्यात चार महिने पाऊस असतो. तेव्हा पावती पाच वर्षे टिकली तर नशीबच म्हणायचे.

२०२०-२१ च्या कोरोना महामारीच्या वर्षाकडे मागे वळून पाहण्याविषयी गोव्यात बोलले पुष्कळ जाते. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या निघतात, सभांतून उल्लेख होतात. पण मागे वळून बघायला काहीतरी हातात लागते, आणि ते दर पावसाळ्यात कमी होत चालले आहे. म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. प्रत्येक घराने त्या वर्षाचे कागद, फोन आणि आवाज येत्या हिवाळ्यात एकत्र करावेत, आणि गावच्या ग्रंथालयांनी व सरकारी पुराभिलेखागाराने ते घरोघरी जाऊन मागावेत. आठवणींवर विसंबून हे काम होणार नाही.

आठवणींवर का नाही, ते आधी पाहू. "लॉकडाऊनमध्ये" हा शब्द आपण इतका सैल वापरतो की त्यात किमान तीन वेगळे काळ एकमेकांत कालवले गेले आहेत. पहिला मार्च-एप्रिल २०२० चा. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, गोव्यात तो पुढे वाढवला गेला, आणि २५ मार्चला, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, देशभर टाळेबंदी सुरू झाली. त्याच रात्री गोव्यातले पहिले तीन रुग्ण जाहीर झाले. सुरुवातीचे काही दिवस किराणा दुकानेही बंद होती. तेव्हाची भीती रोगापेक्षा तांदळाची, दुधाची आणि पदेर म्हणजे पाववाला येईल की नाही याची होती. एकूण रुग्ण सात. १९ एप्रिलला सातवाही बरा झाल्याचे जाहीर झाले आणि गोवा सुटला असे सगळ्यांना वाटले. दुसरा काळ जूनपासूनचा. वास्कोचा मांगूर हिल १ जूनला प्रतिबंधित क्षेत्र झाला, २२ जूनला पहिला मृत्यू नोंदला गेला तो सत्तरीतल्या मोर्लेचा, आणि २२ ऑगस्टची चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, पाहुण्यांविना गेली. तिसरा काळ एप्रिल-मे २०२१ चा. तो सगळ्यांत भयंकर होता. तपासलेल्या दोघांमागे जवळपास एक बाधित निघत होता. आज कुणालाही विचारा, चवथीला गणपतीवर बांधायची फळाफुलांची माटोळी कमी बांधली ते वर्ष आणि खाट मिळाली नाही ते वर्ष एकच म्हणून सांगतात. सांगणारा खोटे बोलत नसतो. मन असेच जोडते.

सरकारकडे सगळी नोंद आहे, मग घरातल्या चिठ्ठ्या कशाला, असे विचारले जाते. सरकारी नोंद कुठे सुरू होते ते बघावे. ती तपासणी केंद्राच्या खिडकीवर सुरू होते, मग थेट रुग्णालयाच्या दारात. मधले दिवस घरात गेले आणि त्यांची नोंद घरानेच ठेवली, बहुधा मुलाच्या शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर.

त्या पानाचे स्वरूप घराघरांत सारखेच होते. पट्टीने आखलेले चार रकाने: वेळ, ऑक्सिजन, नाडी, ताप. नोंद दर चार किंवा सहा तासांनी. अक्षर कधी मुलीचे, कधी सुनेचे, रात्रीच्या ओळी पेन्सिलीने. ९७. ९६. ९६. मग ९५ आणि शेजारी "चालून ९२", कारण सहा मिनिटे चालून पुन्हा मोजायला सांगितलेले असायचे. ९४ च्या खाली उतरले की डॉक्टरांना कळवायचे, हे प्रत्येकाला पाठ होते. एखाद्या ओळीत ८९ लिहून खोडलेले दिसते आणि पुढे पुन्हा ९३. बोट गार असले किंवा नखाला रंग असला की बोटाला लावायचे ऑक्सिमीटर चुकीचे दाखवते, म्हणून हात चोळून परत मोजलेले असते. नंतर दोन ओळींतले अंतर सहा तासांवरून एका तासावर येते. पाऊण तासावर येते. आणि पुढचे रकाने आखलेले, पण रिकामे. रुग्णवाहिका आली ती त्या रिकाम्या जागेत.

११ मे २०२१ च्या पहाटे २ ते ६ या चार तासांत बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २६ रुग्ण दगावले, हे खुद्द आरोग्यमंत्र्यांनी सांगितले. ऑक्सिजनचा दाब, सिलिंडरच्या ट्रॉल्या, त्या ओढणारे ट्रॅक्टर, नंतर बसवलेली २० हजार लिटरची टाकी हे सगळे उच्च न्यायालयापुढे आले आणि कागदावर राहिले. ते राहिलेच पाहिजे होते. पण ती माणसे तिथवर कशी पोचली, घरात किती तास वाट पाहिली, कुणाला फोन केले, खाट नाही म्हणून कितीदा परतली, हे न्यायालयाच्या कागदात सापडणार नाही. ते त्या आखलेल्या पानात आणि फोनच्या कॉल यादीत आहे. गोव्यात ४ हजारांच्या आसपास माणसे या रोगाने गेली. तेवढी पाने एकत्र आली तर पुढच्या वेळी किती तास आधी हालचाल करायला हवी, हे कुठल्याही समितीपेक्षा नीट कळेल.

या भूमीला साथी नव्या नाहीत. जुने गोवे ओस पडले त्याला साथी हे मोठे कारण होते, आणि राजधानी अधिकृतपणे पणजीला आली ती १८४३ साली. १५४३ च्या पटकीत इतकी माणसे मेली की लोक घाबरू नयेत म्हणून चर्चची घंटा वाजवू नका, असा हुकूम निघाला. त्या काळी इथे राहणाऱ्या गास्पार कोरेया या इतिहासकाराने ते लिहून ठेवले म्हणून आपल्याला माहीत आहे. पटकीच्या रोग्याचे डोळे कसे खोल जातात, नाडी कशी हाताला लागत नाही, हे गार्सिया द ओर्ताच्या १५६३ साली गोव्यातच छापलेल्या ग्रंथात आहे. म्हणजे राज्यकर्त्यांची बाजू आणि वैद्याची बाजू उरली. रोगी ज्या घरात होता त्या घराची एक ओळही उरली नाही. १९१८ ची साथ तर अगदी अलीकडची, आपल्या पणजी-पणजोबांच्या काळातली. मराठीत तिला मानमोडी म्हणत. बहुतेक घराण्यांत त्या साथीचा आज एवढा एकच शब्द शिल्लक आहे.

ज्या प्रदेशात १५९५ पासून अभिलेखागार आहे आणि १८३२ पासून सार्वजनिक ग्रंथालय, तिथे हे पुन्हा घडू देणे परवडणारे नाही.

आता प्रत्यक्ष काम. ते कधी करायचे यावरच अर्धे यश आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा. जुलैत कागद गोळा करून हवाबंद डब्यात घातले तर आपण कागदांबरोबर पावसाळाही आत कोंडतो. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर गेली की बुरशी धरते, आणि पावसात ती आपल्याकडे आठवडेच्या आठवडे ८५ च्या वर असते. थंडीच्या कोरड्या दिवसांत कागद दोन दिवस सावलीत, पंख्याच्या वाऱ्याला, जुन्या सुती पातळावर पसरून ठेवावेत. उन्हात मुळीच नको.

पहिला मान थर्मल पावत्यांचा. त्यांचे काही करण्याआधी रंगीत स्कॅन करावा, ६०० डीपीआयवर. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये फिकट पिवळी अक्षरे गळून जातात, रंगीत स्कॅनमध्ये ती नंतर गडद करता येतात. स्कॅनर नसेल तर दिवसाच्या उजेडात खिडकीजवळ, फ्लॅश न लावता, फोन कागदाला समांतर धरून फोटो काढावा. मग लेझर प्रिंटरवर झेरॉक्स काढावी, कारण झेरॉक्सची काळी भुकटी कागदात वितळून बसते आणि दशके टिकते. थर्मल कागदाला लॅमिनेशन कधीही करू नये. तो साधारण ६०-७० अंशांनाच काळा पडू लागतो आणि लॅमिनेशनचे यंत्र १०० च्या वर तापते. अख्खा कागद काळा होऊन बाहेर येतो आणि त्याला इलाज नाही. गेलेले अक्षर दिसावे म्हणून केस वाळवायच्या यंत्राने कागद गरम करण्याचा सल्ला सर्रास फिरतो. तोही मानू नये. पार्श्वभूमी काळवंडून अक्षर पांढरे दिसते खरे, पण ते एकदाच, आणि हात जरा चुकला की सगळे जाते. चिकटपट्टी लावू नये. सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हाताने तर शिवूही नये, अल्कोहोल लागले की डाग पडतो.

बाकीच्या कागदांत काय काय येते? तपासणी अहवाल, घरी विलगीकरणात असताना मिळालेल्या संचातले पत्रक, रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, ई-पासची प्रत, लसीची प्रमाणपत्रे, बँकेचे हप्ते पुढे ढकलल्याचे पत्र, पगार कपातीची चिठ्ठी, शाळेने पाठवलेले वेळापत्रक, पंचायतीची नोटीस, मृत्यूचा दाखला, स्मशानातली पावती, मासिक विधी पुढे ढकलल्याचे निरोप. तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा, असलेल्या घरांत आणखी असते: बोटीच्या कंपनीचे करारपत्र, मुंबईला उतरल्यावरचे कागद, हॉटेलात विलगीकरणाचे बिल. वीजबिलेही ठेवावीत. सगळे घर दिवसभर आत होते ते एप्रिल-मेच्या युनिटांत दिसते. या कागदांचा व्यवहारातला उपयोग अनेक घरांनी अनुभवला आहे. मृतांच्या नातलगांना ५० हजार रुपये देण्याची योजना आली तेव्हा बाधित ठरल्यापासून ३० दिवसांच्या आतला मृत्यू धरायचे ठरले होते, आणि तारीख असलेला तपासणी अहवाल ज्याच्या हाताशी होता त्याचे काम झटकन झाले.

कागदांतल्या टाचण्या आणि स्टेपलच्या पिना काढून टाकाव्यात. आपल्या हवेत त्या एका पावसात गंजतात आणि कागदाला भोक पाडतात. नखाने उपटू नये, मागचे दोन पाय आधी सरळ करून मगच ओढावे. वर्तमानपत्राचे कात्रण इतर कागदांना टेकून ठेवू नये, त्यातले आम्ल शेजारच्या पांढऱ्या कागदावर तपकिरी चौकोन उमटवते. आधारकार्डासाठी मिळतात ती मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटे टाळावीत, झेरॉक्सचे अक्षर त्यांना चिकटून सुटे होते. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे किंचित धुरकट, कडक पॉलिप्रॉपिलीनचे फोल्डर चांगले. काही लिहायचे ते कागदाच्या मागे, कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने.

डबा म्हणाल तर नेवऱ्यांचा (करंज्यांचा) स्टीलचा, घट्ट झाकणाचा डबा उत्तम. साधारण १० लिटरच्या डब्यात १०० ते १५० ग्रॅम सिलिका जेल, जाळीच्या कापडात बांधून, कागदांना थेट न टेकेल असे ठेवावे. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओले झाले असे समजायचे. ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दीडदोन तास तापवले की पुन्हा कामाला येतात. पहिला महिना दर आठवड्याला बघावे, मग मेच्या अखेरीस आणि ऑक्टोबरात. डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांची वाफ आरोग्याला वाईट आणि बुरशीवर त्यांचा फारसा उपयोग नाही. कागदांत कसर लागलेली दिसली तर ते प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवावेत. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण दिवसभर उघडू नये, नाहीतर थंड कागदावर दव धरते. आणि डबा जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नये. वाळवी तिथूनच येते.

फोनचे काम जास्त नाजूक आहे, कारण ते वर्ष मुख्यतः फोनवर जगले गेले. २०२० चा फोन आता कपाटात पडून असतो. त्याची पाठ फुगलेली असेल तर चार्जिंगला लावू नका. आतली बॅटरी फुगलेली आहे आणि ती पेट घेऊ शकते. दुरुस्तीवाल्याकडून आधी ती बदलून घ्यावी. फोन चालू झाला की व्हॉट्सअॅप उघडून एकेका संभाषणाची निर्यात करावी. फोटोंसह घेतले तर साधारण शेवटचे १० हजार संदेशच येतात. घरच्या गटावर रोज शंभर संदेश पडत असतील तर २०२१ पर्यंत ते पोचतच नाही, आणि बहुतेक जण तिथेच फसतात. म्हणून फोनचा फोल्डर थेट संगणकावर उतरवून घ्यावा. अँड्रॉइड फोनवर आवाजाच्या संदेशांचे फोल्डर वर्ष आणि आठवडा यांच्या आकड्यांनी असतात: २०२११९ म्हणजे २०२१ चा एकोणिसावा आठवडा, मेचा पूर्वार्ध. व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोतून कॅमेऱ्याची तारीख निघून जाते, पण फाईलच्या नावात मिळाल्याचा दिवस राहतो. म्हणून नावे बदलू नयेत. मजकूर जोडायचाच असेल तर तो नावाच्या शेवटी जोडावा. तेव्हा डाउनलोड न केलेले धूसर फोटो आता बहुधा मिळणार नाहीत. कंपनीच्या सर्व्हरवर ते फार काळ ठेवले जात नाहीत.

सगळ्याच्या तीन प्रती कराव्यात. एक संगणकावर, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर, एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या बहिणीच्या किंवा भावाच्या घरी. पेनड्राइव्हवर एकटा भरवसा ठेवू नये. वर्षातून एकदा तिन्ही उघडून काही फाईली खरोखर लागतात का ते बघावे.

आवाजाचे रेकॉर्डिंग करणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. "तुम्हाला तेव्हा काय वाटले?" असे विचारू नका. त्याला सगळे एकच उत्तर देतात. दूध कुठून आणत होता, रुग्णाची ताटली कुठे धूत होता, वरच्या खोलीत जेवण कोण पोचवायचे, किल्ली कुणाकडे होती, हे विचारा. काळ पक्का करायला तारखा देण्यापेक्षा खुणा द्या: २०२० चा पाडवा, त्याच वर्षी २१ मेला सुरू झालेली दहावीची परीक्षा, चवथ, १२ डिसेंबरची जिल्हा पंचायतीची निवडणूक, १६ मे २०२१ ला तौक्ते वादळात गेलेली वीज. "वीज गेली तेव्हा आजी घरी होती की दवाखान्यात?" या प्रश्नाने काळ चटकन जागेवर बसतो. फोन विमान मोडवर, पंखा बंद, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर, टेबलावर टॉवेलची घडी घालून तिच्यावर ठेवावा. कौलारू घरात पाऊस पडत असताना रेकॉर्डिंग करूच नये. एका बैठकीत चाळीस मिनिटे पुरेत. माणूस गप्प झाला तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नये.

जखमा का उकरायच्या, हा आक्षेप मनापासून घेतला जातो आणि त्याचा मान राखला पाहिजे. ज्या घराला नको आहे त्या घरी जाऊ नये. पण ठेवणे आणि उघडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डबा बंद करून माळ्यावर ठेवता येतो. ज्या आईने रात्रभर जागून ते आकडे लिहिले तिच्या मुलांना ते पान पुढे हवे असेल, याची शक्यता आपण आज संपवू नये. खाजगीपणाचा आक्षेप अधिक वजनाचा आहे. तपासणी अहवाल आणि औषधे ही दुसऱ्या कुणाच्या शरीराची माहिती असते. म्हणून ग्रंथालयाकडे देताना पानभर संमतीपत्र हवेच: कुणी दिले, कशाकशाला परवानगी आहे, किती वर्षे बंद ठेवायचे. २५ वर्षे बंद ठेवण्याचा पर्याय छापलेलाच असावा. दाता हयात असेतो त्याला परत मागण्याचा हक्क असावा. हे लिहून दिले नाही तर लोक देणार नाहीत आणि त्यांचे बरोबरच असेल.

ग्रंथालयांना यासाठी मोठा निधी लागत नाही. पणजीत पाटो इथे असलेल्या मध्यवर्ती ग्रंथालयाने स्कॅनिंगची एकसारखी पद्धत ठरवून द्यावी, तालुका ग्रंथालयांत एक स्कॅनर आणि एक शिकवलेला माणूस असावा, गावच्या वाचनालयात एक कपाट, एक नोंदवही. महिन्यातला एक रविवार ठरवून दवंडी द्यावी, हल्ली ती वॉर्डच्या गटावर देता येते.

एक जागा मात्र यातूनही सुटेल, म्हणून ती मुद्दाम सांगायला हवी. मे २०२० मध्ये गोव्यातून श्रमिक गाड्या सुटल्या. बांधकामावरची, हॉटेलांतली, ट्रॉलरवरची माणसे त्यांतून गेली. त्यांचे त्या वर्षाचे कागद गोव्यात कुणाच्याही माळ्यावर नाहीत. जे आहे ते घरमालकाच्या भाडेवहीत आणि दुकानदाराच्या उधारीच्या वहीत आहे: मार्चपर्यंत दर महिन्याला नाव आणि रक्कम, एप्रिल बाकी, मे बाकी, मग नावावर आडवी रेघ. कुठे पुढच्या वर्षी तेच नाव परत लिहिलेले सापडते आणि जुनी बाकी चुकती केलेली. अशा वह्या जुनी येणी संपली की रद्दीत जातात. मांगूर हिल, झुआरीनगर, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीभोवतालच्या खोल्यांचे मालक आणि तिथले दुकानदार यांच्याकडे वाचनालयाच्या माणसाने सगळ्यांत आधी जावे. वही मागू नये. पाने तिथेच, त्यांच्यासमोर, स्कॅन करून वही लगेच परत करावी, नावे झाकायची असतील तर प्रतीवर झाकावीत.